घरची गाय, घरचा हिशेब

वाराणसीला बदली झाल्याचा आदेश हाती पडला, तेव्हा मनात प्रथम उभी राहिली ती विश्वनाथाच्या मंदिराची आणि गंगेच्या घाटांची चित्रे. दुधाचा भाव हा विषय त्यांत कोठेही नव्हता. तथापि पुढील अडीच वर्षांत ज्या विषयावर मी सर्वाधिक बोलले, ऐकले आणि आकडेमोड केली, तो हाच. त्याला कारण झाले माझे बिऱ्हाड.

जून २०२३ मध्ये दुर्गाघाटाच्या वरच्या अंगाला एका जुन्या मराठी कुटुंबात मला दोन खोल्या भाड्याने मिळाल्या. काशीतील मराठी वस्ती म्हणजे हा ब्रह्माघाट, दुर्गाघाट, पंचगंगेचा परिसर. गागाभट्टांचे घराणे काशीचे, विश्वनाथाचे आजचे मंदिर अहिल्याबाईंनी उभारलेले, आणि ‘आज’ या हिंदी दैनिकाला नावारूपास आणणारे संपादक बाबूराव विष्णू पराडकर हेही येथल्याच मराठी घरातले. ज्या घरात मी राहत होते, तेथे आजही मराठी बोलले जाते. मात्र त्या मराठीत ‘दही लावणे’ला ‘दही जमवणे’ म्हणतात आणि रागावल्यावर माणसे सरळ बनारसी हिंदीत उतरतात.

घरात माणसे नऊ. शिवाय दुपारच्या पंक्तीला वेदपाठशाळेतील दोन विद्यार्थी. दूध दररोज तीन लिटर. गल्लीत येणाऱ्या गवळ्याचा गाईच्या दुधाचा भाव तेव्हा साठ रुपये होता. म्हणजे महिन्याला ५,४०० रुपये केवळ दुधाचे. घरातील सूनबाई हिशेबाच्या पक्क्या. एके रविवारी त्यांनी वही पुढे ठेवली आणि सांगितले, की दीड वर्षात दुधाचे बिल हजार रुपयांनी चढले आहे, मिळकत मात्र जिथल्या तिथे आहे. त्यावर त्यांच्या यजमानांनी सुचविले, ‘पुन्हा गाय बांधू या.’

ही कल्पना वाटते तितकी आकाशातून पडलेली नव्हती. वाड्याच्या चौकात, तुळशीवृंदावनाच्या मागे, दगडात बसविलेली लोखंडी कडी अजून आहे. आजींच्या लग्नानंतर कित्येक वर्षे त्या कडीला गाय बांधलेली असे. गोग्रास काढण्यासाठी दाराबाहेर जावे लागत नसे, चीक शेजाऱ्यांना वाटला जाई आणि शेणाच्या गोवऱ्या गच्चीवर वाळत. घरातील तरुण मंडळींनी ते दिवस पाहिलेले नाहीत. त्यांनी त्या दिवसांच्या गोष्टीच ऐकल्या आहेत. गोष्टीतील गाय नेहमीच भरपूर दूध देते.

बँकेतील बाई घरातच भाड्याने राहतात म्हटल्यावर प्रश्न साहजिकच माझ्याकडे आला. गाईसाठी कर्ज मिळेल का, आणि ते परवडेल का?

भाव का चढला?

पहिल्या प्रश्नाआधी थोडे मागे जाणे इष्ट ठरेल. २०२२ या वर्षी दुधाच्या व्यवसायावर एकामागून एक आघात झाले. मार्च महिन्यातच उत्तर भारतात उष्णतेची तीव्र लाट आली आणि गव्हाचे दाणे भरण्याच्या वेळीच पीक करपले. गहू घटला, त्याबरोबर गव्हाचा भुसाही घटला. उत्तर प्रदेशात जनावराच्या पोटाचा मुख्य आधार भुसाच. कापणी यंत्राने होऊ लागल्यापासून त्यातील बराच भाग शेतातच राहून जातो, ही अडचण आधीपासून होतीच. त्यातच युक्रेनमधील युद्धामुळे मका व तेलबियांचे भाव भडकले आणि त्यांच्यामागोमाग पेंड व पशुखाद्य महागले. पावसाळ्यात लम्पी चर्मरोगाची साथ पसरली आणि देशभरात लाखाहून अधिक गाई-बैल दगावले. परिणाम ग्राहकाच्या दारात दिसला. ‘अमूल गोल्ड’ या दुधाचा लिटरचा भाव मार्च २०२२ मध्ये ६० रुपये होता, तो ऑगस्टमध्ये ६२ आणि फेब्रुवारी २०२३ मध्ये ६६ रुपये झाला.

हा चार-सहा रुपयांचा फरक कोणाला किरकोळ वाटेल. पण २०२२-२३ च्या राष्ट्रीय घरगुती खर्च पाहणीत असे आढळले, की ग्रामीण कुटुंबाच्या एकूण खर्चापैकी ४६ टक्क्यांहून अधिक आणि शहरी कुटुंबाच्या खर्चापैकी ३९ टक्के रक्कम अन्नावर खर्च होते. आणि अन्नातही धान्यापेक्षा दुधाचा वाटा मोठा आहे. खेड्यात एकूण खर्चाच्या ८.३३ टक्के, शहरात ७.२२ टक्के केवळ दूध व दुधाच्या पदार्थांवर. दूध महागले, की घरातील वही सर्वांत आधी हलते ती यामुळेच.

बनारसमध्ये तर दूध हे केवळ पोषण नव्हे. रबडी, लस्सी, ठंडाई, खव्याची मिठाई आणि थंडीच्या दिवसांत पहाटेच्या दवात फेसाळवलेली मलइयो, हे या शहराचे वैभव आहे. खेड्यांतून सायकलींवर कॅन लटकवून दूध शहरात येते आणि घाऊक बाजारात, ज्याला येथे ‘सट्टी’ म्हणतात, त्याचा भाव रोज ठरतो. लगीनसराई असली की भाव चढतो. ज्याच्या घरी पाच लिटर दूध लागते तो हलवायाशी स्पर्धा करतो आहे, याची त्याला स्वतःलाही कल्पना नसते.

माझे गणित आणि आजींचे गणित

आता माझ्या गणिताविषयी. मी कर्ज विभागात काम करते, त्यामुळे कागद-पेन्सिल घेऊन बसले. पूर्व उत्तर प्रदेशात गंगेच्या काठाची एक स्थानिक गाय आहे, गंगातिरी. वाराणसी, चंदौली, गाझीपूर, बलिया, मिर्झापूर हे जिल्हे आणि पलीकडे बिहारमधील भोजपूर हा तिचा मुलूख. पांढऱ्या रंगाच्या गाईला धवर आणि करड्या रंगाच्या गाईला सोकन म्हणतात. काटक, कमी खाणारी, उन्हात तग धरणारी. राष्ट्रीय पशू आनुवंशिक संसाधन ब्यूरोने तिची स्वतंत्र जात म्हणून नोंद केलेली आहे आणि वाराणसीजवळ आराजीलाइन येथील शासकीय पशुपैदास केंद्रात तिचे संवर्धन केले जाते. घरगुती गरजेसाठी अशीच गाय योग्य, असे मी ठरविले. दिवसाला चार लिटर, वर्षाचे ३६५ दिवस, साठ रुपये भाव: ८७,६०० रुपयांचे दूध! सारे घर प्रसन्न झाले.

आजी ओसरीवर वाती वळत होत्या. त्यांनी मान वर न करता विचारले, ‘अगं, आणि गाय आटते तेव्हा?’

वाचकहो, मी कृषी पदवीधर नाही, हे येथे कबूल केलेले बरे. गाय वर्षभर दूध देत नाही, हे मला माहीत नव्हते असे नाही. ते गणितात घ्यायचे राहिले. गाईचा गर्भकाळ सुमारे नऊ महिने आणि दहा दिवस, म्हशीचा सुमारे दहा महिने. विण्याआधी दोन महिने तरी तिला आटवावेच लागते, आणि देशी गाय बहुधा त्याहूनही लवकर आटते. गंगातिरीचे एका वेताचे दूध साधारणतः ९०० ते १,२०० लिटरच्या घरात असते. त्यातील वासराचा वाटा वेगळा. ‘वासराच्या तोंडचे काढून आपण पुष्ट व्हायचे नाही,’ असे आजींचे म्हणणे, आणि ते केवळ भावनेचे नव्हते. उपाशी वासरू मेले की देशी गाय बहुधा पान्हा चोरते.

मग आम्ही दोघींनी मिळून पुन्हा मांडणी केली. ती येथे तपशिलाने देते, कारण कोणाही ग्राहकाला आपापल्या गावचे भाव घालून ती तपासता येईल. गाय २४० दिवस दुधात, १२५ दिवस भाकड. दिवसाला सरासरी चार लिटरप्रमाणे ९६० लिटर. त्यातून वासराचे १६० वजा करून घरात येणारे दूध ८०० लिटर. बाजारभावाने त्याची किंमत ४८,००० रुपये.

खर्चाची बाजू अशी. भुसा रोज पाच किलो, किलोला दहा रुपये धरून वर्षाचे १८,२५०. आंबोण, म्हणजे पेंड, चुनी, कोंडा व भरडा यांचे मिश्रण, दुधात असताना रोज तीन किलो आणि भाकडकाळात एक किलो. किलोला २५ रुपये धरता अनुक्रमे १८,००० आणि ३,१२५. हिरवा चारा विकत घेतल्यास रोजचे चाळीस रुपये, म्हणजे १४,६०० रुपये. क्षारमिश्रण, औषधे, रेतन मिळून ३,०००. चाळीस हजारांच्या गाईचा विमा सुमारे १,६००. एकूण ५८,५७५ रुपये.

म्हणजे साठ रुपये लिटरचे दूध घरी आम्हाला त्र्याहत्तर रुपयांना पडणार होते. गाईची मूळ किंमत, कर्जाचे व्याज आणि पहाटे चारला उठणाऱ्या माणसाचे श्रम यांत धरलेलेच नाहीत.

सूनबाईंनी वही मिटली. पण आजींनी ती पुन्हा उघडायला लावली. ‘भुसा आणि हिरवा चारा या दोन ओळी खोडून बघ.’ त्या दोन ओळी वगळल्या तर खर्च २५,७२५ रुपयांवर येतो आणि लिटरला बत्तीस रुपये पडतात. साऱ्या विषयाचे मर्म त्या दोन ओळींत होते. आजींच्या काळी गाय परवडत असे, कारण या कुटुंबाची गंगेपलीकडे थोडी शेती होती आणि तेथून भुसा नावेने येत असे. शेती विकली, त्यानंतर दोनच वर्षांत कडी रिकामी झाली. गाय घरची होती म्हणून दूध स्वस्त पडत नव्हते. चारा घरचा होता.

हे तत्त्व अन्य देशांतही पूर्वी अनुभवास आलेले आहे. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटनमध्ये अन्नाची टंचाई पडली, तेव्हा सरकारने नागरिकांना परसात कोंबड्या पाळण्यास उत्तेजन दिले. मात्र त्यांच्या खाद्याचे धान्य कोठून आणावयाचे? तेव्हा अशी व्यवस्था करण्यात आली, की ज्याने कोंबड्या पाळल्या त्याने आपले शिधावाटपातील अंड्यांचे हक्क सोडावेत आणि त्याऐवजी कोंबडीच्या खाद्याचे कूपन घ्यावे. बाकीची भर स्वयंपाकघरातील साली व उष्ट्या-खरकट्याने करावयाची.

शहरातील गोठा

आणखी एक प्रश्न होता, तो जागेचा. काशीच्या गल्लीत गाय-बैल दिसत नाहीत असा दिवस नाही. परंतु शहरातील गोठे, ज्यांना येथे ‘खटाल’ म्हणतात, ते वस्तीबाहेर हलविण्याचा प्रयत्न गेली काही वर्षे चालू आहे. गटारांत वाहून जाणारे शेण हे त्याचे प्रमुख कारण. याला विरोध करणाऱ्यांची बाजू मला समजते, तरीही गल्लीतून रोज पायी कचेरीत जाणारी व्यक्ती म्हणून मी महापालिकेच्या बाजूची आहे. मुंबईकर वाचकांना हा वाद नवा वाटणार नाही. तबेल्यांतील म्हशी शहराबाहेर नेण्यासाठीच १९४९ साली गोरेगावची आरे दूध वसाहत स्थापन झाली होती. त्यानंतर १९७० पासून ‘दूधमहापूर’ योजनेने शहरातील ग्राहक आणि खेड्यातील गाय यांच्यामध्ये सहकारी संघ, शीतकरण केंद्र आणि टँकर यांची साखळी उभी केली, आणि दारातल्या गाईची निकड बहुतांश शहरी घरांना उरली नाही.

वाराणसीत ही साखळी उशिरा आणि अलीकडेच बळकट झाली. गुजरातेतील बनासकांठा जिल्हा दूध संघाने पिंडरा तहसिलीतील करखियाँव येथे मोठा दूध प्रकल्प उभारला. त्याची पायाभरणी २३ डिसेंबर २०२१ रोजी झाली आणि २३ फेब्रुवारी २०२४ रोजी तो सुरू झाला. पायाभरणीच्याच दिवशी रामनगरच्या दूध संघात शेणापासून वीज निर्माण करण्याच्या प्रकल्पाचीही कोनशिला बसविण्यात आली. संघाची संकलन केंद्रे गावोगाव निघाल्यापासून खेड्यातल्या बाईला हलवायाखेरीज दुसरे गिऱ्हाईक मिळाले, हा बदल लहान नाही.

ज्यांना गाय शक्य नाही त्यांनी काय करावे, असे शाखेत येणारे ग्राहक विचारीत. या शहरातील गरिबांनी त्याचे उत्तर आधीच शोधलेले आहे. विणकरांच्या मोहल्ल्यांतून फिरताना हातमागाच्या खटखटीबरोबर शेळ्यांचा आवाजही येतो. थंडीत तर घाटाच्या पायऱ्यांवर जुने स्वेटर घातलेल्या शेळ्या उन्हाला बसलेल्या असतात. परगावचा पाहुणा त्यांची छायाचित्रे काढतो, पण त्या स्वेटरामागे एका कुटुंबाची ठेव ऊब घेत असते. उत्तर प्रदेशातील बरबरी जातीची शेळी बुटकी, बांधून पाळता येणारी आणि झाडपाला, साली, डाळीचा टरफलचुरा यांवर राहणारी. पाच महिन्यांनी विते आणि पुष्कळदा जुळी देते. ईदेच्या आधी बोकड विकून विणकर मागाची उधारी फेडतो, हे आमच्या शाखेतील खात्यांच्या उताऱ्यांवरूनही दिसे. मथुरेजवळ मखदूम येथे केंद्रीय शेळी संशोधन संस्था आहे, तेथे या जातीवर बरेच काम झालेले आहे. परसातल्या कोंबड्यांचेही तसेच. बरेलीजवळच्या इज्जतनगर येथील संस्थेने असील या देशी जातीपासून ‘कारी निर्भीक’ ही जात परसबागेसाठी तयार केली आहे. २०१९ च्या पशुगणनेत देशातील परसातील कोंबड्यांची संख्या आधीच्या गणनेच्या तुलनेत ४६ टक्क्यांनी वाढल्याचे दिसून आले. अशी वाढ कोणा एका योजनेने होत नसते. असंख्य सूनबाईंनी वह्या उघडून हिशेब केलेला असतो.

ढाबातील भौजी

आमच्या घराची गोष्ट अर्धवट राहिली. आजींनी तोडगा काढला तो जुनाच. शहराच्या ईशान्येला गंगेच्या दोन प्रवाहांमध्ये ‘ढाब’ नावाचा भाग आहे. दरवर्षी गाळ साचणारी, भाजीपाल्याला आणि चाऱ्याला उत्तम अशी ती जमीन. तेथील एक बाई कित्येक वर्षे या घरी भाजी घालीत. सारे घर त्यांना ‘भौजी’ म्हणे, म्हणून मीही म्हणू लागले. आपल्याकडे शेळी किंवा कालवड अर्धेलीने देतात, तशीच पद्धत तिकडे आहे, तिला ‘अधिया’ म्हणतात. कालवड एकाची, राखण व चारा दुसऱ्याचा. ती व्याली की चार जाणती माणसे तिची किंमत ठरवितात. त्यातील अर्धी रक्कम देऊन दोघांपैकी एकजण तिला ठेवून घेतो. यात कोणताही कागद नसतो. बँकेच्या माणसाला हे ऐकून अस्वस्थ वाटते. आजींना वाटले नाही.

नोव्हेंबर २०२३ मध्ये, कार्तिकी पौर्णिमेच्या आसपास, एक दोन वर्षांची सोकन कालवड ढाबात गेली. देशी गाय प्रथम विते ती चौथ्या वर्षाच्या सुमारास. म्हणजे दूध येण्यास दोन वर्षे! यजमानांचा उत्साह तेथेच मावळला, पण आजी म्हणाल्या, ‘मला घाई नाही,’ आणि हे त्यांनी वयाच्या ब्याऐंशीव्या वर्षी म्हटले.

त्याच निमित्ताने भौजी आमच्या शाखेत आल्या. त्यांना एक संकरित दुभती गाय घ्यावयाची होती. येथे ग्राहकांच्या उपयोगाची एक गोष्ट सांगते, कारण तिच्याबद्दल फार गैरसमज आढळतो. किसान क्रेडिट कार्डाची सोय २०१८-१९ च्या अर्थसंकल्पात पशुपालकांना जाहीर झाली आणि फेब्रुवारी २०१९ मध्ये रिझर्व्ह बँकेने तिच्या सूचना काढल्या. पण ते कर्ज खाद्य, चारा, औषध, मजुरी अशा चालू खर्चासाठी आहे. जनावर विकत घेण्यासाठी मुदतीचे कर्ज वेगळे घ्यावे लागते. २०२५-२६ या वर्षीही पशुपालनाच्या कार्डावर दोन लाख रुपयांपर्यंत सात टक्के व्याज आणि वेळेवर परतफेड करणाऱ्यास आणखी तीन टक्के सूट अशी सवलत होती. विनातारण शेतीकर्जाची मर्यादा १ जानेवारी २०२५ पासून १ लाख ६० हजारांवरून दोन लाखांवर नेण्यात आली आहे. ज्यांना लहान रक्कम हवी त्यांना मुद्रा योजनाही उपलब्ध आहे. शेतीपूरक व्यवसाय तिच्यात एप्रिल २०१६ पासून समाविष्ट झाले.

भौजींचे कर्ज मंजूर करताना हप्ते मी दरमहा समान ठेवले नाहीत. आजींकडून घेतलेला धडा ताजा होता. गाय भाकड असेल त्या महिन्यांत हप्ता नाही, असे कोष्टक बनविले. दुसरा आग्रह विम्याचा धरला. भौजींना प्रीमियम हा दंड वाटत होता. गाईच्या कानातील बारा आकडी पिवळा बिल्ला दाखवून मी त्यांना बजावले, की हा हरवला तर दावा हरवला. विमा कंपन्यांचा नियम ‘बिल्ला नाही तर भरपाई नाही’ असा असतो. त्यांनी ते ऐकले की नाही, हे तेव्हा कळले नाही.

सोळा-सतरा महिने व्यवस्थित गेले. गाय दिवसाला नऊ-दहा लिटर देत होती, दूध संकलन केंद्रावर जात होते, बरसीम शेतातले होते. मग ऑगस्ट २०२५ उजाडला. वाराणसीत गंगेची धोक्याची पातळी ७१.२६२ मीटर मानली जाते. १९७८ च्या सप्टेंबरात पाणी ७३.९०१ मीटरपर्यंत चढले होते. तो उच्चांक अजून मोडलेला नाही आणि जुनी माणसे प्रत्येक पुराला त्याच्याशी ताडून पाहतात. या वेळी पाण्याने धोक्याची रेषा ओलांडली, सारे घाट बुडाले, आमच्या गल्लीच्या खालच्या तोंडाशी नावा लागल्या. ढाबाच्या शेतांतील चरी, म्हणजे चाऱ्याची ज्वारी, पाण्याखाली गेली. माणसे गुरे घेऊन उंचवट्यावर गेली. भौजींकडे पाच जनावरे होती, त्यांत आजींची कालवड गाभण.

पुरात उंचवट्यावर आश्रय घेणारी केवळ माणसे आणि गुरेच नसतात. चौथ्या रात्री कर्जाच्या गाईला साप चावला.

पाणी उतरू लागल्यावर एका दुपारी भौजी शाखेत आल्या. साडी गुडघ्यापर्यंत चिखलाने भरलेली. माझ्या टेबलावर त्यांनी प्लास्टिकची एक पिशवी ठेवली. आत कापडात गुंडाळलेला गाईचा कान होता, बिल्ल्यासकट. सोबत पशुवैद्यकाचा दाखला. तो मिळविण्यासाठी त्या नावेने गेल्या होत्या आणि डॉक्टरांना घेऊन परतल्या होत्या. तोवर गाईपाशी मुलाला रात्रभर बसवून ठेवले होते, कारण कुत्री येत होती. ‘तुम्ही बिल्ला म्हणाला होतात,’ एवढेच त्या बोलल्या. शेजारच्या काउंटरवरील सहकारी उठून बाहेर गेला. मी पावती लिहीत राहिले, कारण दुसरे काय करावे ते मला सुचत नव्हते.

विम्याची रक्कम साठ हजार होती आणि कर्जाची बाकी अडतीस हजार. दावा मंजूर होण्यास काही आठवडे लागले. मधल्या काळात एक कागद दोनदा मागण्यात आला, हे सांगितले नाही तर वृत्तान्त खरा होणार नाही. कर्ज फिटले आणि बावीस हजार भौजींच्या खात्यात राहिले. तेवढ्यात तशी दुसरी गाय येत नाही. शिवाय पुरानंतर भुसा तेजीत होता. त्यांनी त्या पैशांतून प्रथम दोन महिन्यांचा भुसा भरला आणि उरलेल्यात दोन बरबरी शेळ्या आणल्या. मी नव्या कर्जाविषयी विचारले, तेव्हा म्हणाल्या, चैतात गहू निघू दे, भुसा घरात येऊ दे, मग बघू. माझ्या साऱ्या कोष्टकांपेक्षा हा अंदाज अधिक पक्का होता.

मार्गशीर्षात आजींची कालवड व्याली. पाडी झाली. पद्धतीप्रमाणे चार जण जमले आणि किंमत ठरली छत्तीस हजार. म्हणजे अठरा हजार एकाने दुसऱ्याला द्यावयाचे. यजमानांचे मत होते, की आपण अठरा हजार देऊन गाय आपली करावी आणि राखणावळ देऊन ढाबातच ठेवावी. सूनबाई म्हणाल्या, भौजींनी पुरात चार रात्री जागून ती वाचविली, तेव्हा त्यांच्याकडून काही मागणेच बरे नव्हे. आजींनी दोघांचेही ऐकले नाही. गाय भौजींची. अठरा हजार रुपये त्यांनी द्यायचे, पण रोख नव्हे, दुधाने. रोज दोन लिटर, लिटरला पन्नास रुपये धरून.

‘म्हणजे एकशे ऐंशी दिवस,’ मी सवयीने म्हणाले.

‘आणि आटली तर पुढच्या वेताला,’ आजी म्हणाल्या.

माझ्या परतीच्या बदलीचा आदेश त्याच आठवड्यात आला. निघण्याच्या आदल्या दिवशी सकाळी भौजींचा मुलगा सायकलीवरून कॅन घेऊन आला होता. दोन लिटरच्या मापानंतर त्याने आणखी थोडे दूध वेगळ्या लोट्यात ओतले. तो पहिल्या दिवसांतला चीक होता, शेजारी वाटण्यासाठी मागून घेतलेला. आजींनी मला खरवस बांधून दिला आणि सूनबाईंनी वहीत त्या दिवसाच्या तारखेपुढे ‘२ लि.’ असे लिहून घेतले. चिकाची नोंद त्यांनी केली नाही.